नवे दुसऱ्याला, जुने आपल्याला

पावसाचा पहिला जोर ओसरला की दहिसर नदीच्या पुलावर क्षणभर थांबून पाहावे. तुळशी तलावाच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानातून येणारी ही नदी वस्तीत शिरते आणि काठच्या झुडपांना साड्या, चादरी, विजारींचे पाय अडकलेले दिसतात. सुती कापड कालांतराने कुजून मातीत मिसळते. पॉलिएस्टर हे मुळात प्लास्टिकच. ते वर्षानुवर्षे टिकते आणि त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर मनोरीच्या खाडीत जातात.

मुलांना 'कपडे जपून वापरा, जुने टाकू नका' असे सांगताना मात्र आपली जीभ अडखळते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तिचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातदर्शक पद्धत व तसे दागिने टाकून देण्यास सांगितले. ज्यांच्या आजीने दुसऱ्याचे टाकलेले नेसून दिवस काढले, त्यांच्या नातवाला नवा कोरा सदरा ही चैन वाटत नाही. ती त्याच्या माणूसपणाची साक्ष असते.

म्हणूनच वसतिगृहांना मिळणाऱ्या कपड्यांच्या दानाविषयी स्पष्ट लिहितो. एकदा आलेली पोती आम्ही संध्याकाळभर निवडली. तुटलेल्या बटणांचे शर्ट, विटलेल्या पँटी, लग्नात एकदाच मिरवलेले जरीचे घागरे. मुलांना घालता येईल असे फारच थोडे निघाले. दात्याचे कपाट रिकामे झाले आणि कचरा आमच्या दारी आला. याला दान म्हणणे मला जड जाते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कौशांबीची एक कथा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने काहीशा नाराजीने विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? अंथरुणावरची आच्छादने करू. ती विरली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. शेवटी त्यांच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. (गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी चुल्लवग्ग कुठे वाचला होता!)

या कथेतला क्रम आपण नीट पाहत नाही. आनंदांनी गरजवंताला दिले ते नवे. जुने संघाने आपल्याच घरात शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले. आपण नेमके उलट करतो: नवे आपल्याला घेतो, जुने दुसऱ्याकडे लोटतो आणि त्याला काटकसरही म्हणतो, करुणाही म्हणतो.

यंदा प्रत्येक खोलीला सुईदोऱ्याची एक डबी द्यावी. उसवलेली शिवण घालणे, बटण लावणे हे मुलींइतकेच मुलांनाही आले पाहिजे. अगदीच विरलेल्या सुती कपड्यांची पायपुसणी आणि फडकी वसतिगृहातच व्हावीत. ती आपण दरवर्षी विकत आणतो. आणि देणगीदारांना नम्रपणे कळवावे की पोते नको, गणवेशाच्या कापडाचा तागा द्या. दहिसरला शिंप्यांची वाण नाही.