शहर राखणारा जादूगार

रहस्यकथांची एक नवी जात हल्ली मुलांच्या हातात दिसते. शहर आजचेच असते. रस्ते, बसगाड्या, पोलीस ठाणे सगळे ओळखीचे. फक्त त्या शहरात एक जादूगार राहतो आणि दुष्ट शक्तींपासून शहराचे रक्षण करतो. अमेरिकेतील जिम बुचर या लेखकाचा हॅरी ड्रेस्डेन हा असाच एक. शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत त्याचे नाव 'जादूगार' म्हणून छापलेले आहे आणि खुनाचा उलगडा होईना की पोलीस त्याला बोलावतात. त्याची पहिली कादंबरी २००० साली आली.

आमच्या पिढीला हा प्रकार अगदीच नवा नाही. १९६४ पासून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये मँड्रेक होता. हे अंक मराठीतही येत. मँड्रेकने हात फिरवला की गुंडाला स्वतःच्या हातातले पिस्तूल साप दिसायचे. पिस्तूल पिस्तूलच असे, फसत असे ती गुंडाची नजर. त्याचा आफ्रिकी सोबती लोथार खरा राजपुत्र, पण सुरुवातीच्या वर्षांत त्याला बिबट्याचे कातडे नेसवून नोकरासारखे रंगवले होते. मोठेपणी ते आम्हाला खटकले. असो. मुलांना ही पुस्तके वाचू द्यावीत. गोष्ट ती गोष्ट, हे मुलाला कळते. पंचाईत होते ती मोठ्यांची.

कारण आपल्या गल्लीत येणारा बुवा 'ही गोष्ट आहे' असे सांगत नाही. तो करणी काढतो, लिंबातून रक्त काढतो आणि हप्त्याने पैसे घेतो. धुणीभांडी करून साठवलेले पैसे अशा वेळी कोणत्या डब्यातून निघतात, हे आमच्या भगिनींना सांगायला नको.

या बुवांपासून वस्ती राखणारे जादूगार महाराष्ट्रात खरोखरच आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते शाळेत, चौकात बुवांचेच चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती उघडी करतात. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवला आणि 'मंतरलेले' पाणी शिंपडले की नारळ पेटतो. (हा प्रयोग घरी करू नये, सोडियमने हात भाजतो.) रक्ताची युक्ती तर आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. हळदीच्या पाण्यात पानाला लावायचा चुना कालवला की पाणी लालभडक होते. आईने पोरांना एकदा हे करून दाखवले तर रक्ताच्या लिंबाची भीती बरीच कमी होते.

विनयपिटकात एक कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच बांबूला टांगले आणि ज्याच्यात सिद्धी असेल त्याने ते घ्यावे, असे आव्हान दिले. पिंडोल भारद्वाज हा भिक्खू आकाशात उडाला, पात्र घेऊन नगराभोवती तीन फेऱ्या मारल्या. लोक टाळ्या पिटत मागे धावले. तथागतांनी त्याची कानउघाडणी केली, लोकांसमोर चमत्कार दाखवण्यास भिक्खूंना मनाई केली आणि ते पात्र फोडून त्याची पूड भिक्खूंच्या अंजनात घालायला दिली.

जादू उघडी करणाऱ्याला मंत्राचे कवच नसते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतताना कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळीबार केला. चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला, पानसरे गेले. मुलगा व्हावा म्हणून होणाऱ्या पुत्रकामेष्टी यज्ञालाही त्यांनी विरोध केला होता. गुन्हा नोंदला गेला तो राजारामपुरी पोलीस ठाण्यात. ज्या ठाण्यावरून आपण भाजीची पिशवी घेऊन जातो, त्याच ठाण्याच्या दप्तरात हे रहस्य आले. कादंबरीत दोनशे पानांत गुन्हेगार सापडतो. इथे आरोपनिश्चिती व्हायलाच २०२३ साल उजाडले.

दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याच्या अनुसूचीत बारा कलमे आहेत. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे व पैसे उकळणे हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. बायाबापड्यांनी ठाण्याची पायरी चढायला बिचकू नये. दोघीतिघींनी मिळून जावे. बुवाने किती रुपये घेतले, कोणत्या तारखेला घेतले, हे कागदावर लिहून न्यावे, तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच मागून घ्यावी.