परवाना माणसाचा, परीक्षा बंदुकीची

जुनी मोटार विकत घेताना आपण ती चालवून पाहतो. जुनी रायफल मात्र एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जाताना ती झाडून पाहिलीच पाहिजे, असा आग्रह आपला शस्त्र अधिनियम धरीत नाही. कार्यालयात क्रमांक जुळतो, बोअर जुळतो, पोलिसांचा अहवाल जोडला जातो आणि शिक्का बसतो. रायफल सुरक्षित आहे काय, आणि घेणाऱ्याला तीच रायफल हाताळता येते काय, हे दोन प्रश्न फाइलीबाहेरच राहतात. माझ्या मते ही प्रशासकीय उणीव आहे आणि ती फारशा खर्चाविना दूर करता येण्याजोगी आहे.

या उणिवेचे मूळ इतिहासात आहे, आणि तो इतिहास रायपूरकरांना परका नाही. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना याच शहरात फाशी देण्यात आली. १८ जानेवारी १८५८ रोजी येथील तिसऱ्या पलटणीतील हनुमान सिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले, आणि चार दिवसांनी सतरा जणांना फासावर चढविण्यात आले. अशा धास्तीतून जे नि:शस्त्रीकरण सुरू झाले, त्याची परिणती लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्यात झाली. त्या कायद्याला एकच प्रश्न पडलेला होता: शस्त्र कोणाच्या हातात आहे? प्रजेची बंदूक गंजलेली आहे की सुस्थितीत, याची चिंता परक्या सरकारने का करावी?

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. पुढे १९५९ चा अधिनियम आला. कायदा आपला झाला, तरी त्याची नजर बरीचशी जुनीच राहिली. त्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या वा चाचणीच्या व्यवसायासाठी परवाना लागतो. परंतु विक्रीपूर्वी चाचणी केलीच पाहिजे, असे ते कलम म्हणत नाही.

उदाहरणादाखल लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेऊ. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा चढतो. कडी वर घेतली की नवे काडतूस नळीत बसते. जॉन ब्राउनिंग यांनी आराखडा केलेली विंचेस्टरची १८९४ ची रायफल हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. आपल्याकडे अशा रायफली शिकारीच्या शौकापायी आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा तो शौक संपला, आणि १९८० च्या दशकात खासगी आयातीचे दारही बंद झाले. त्यामुळे आज बाजारात अशी रायफल दिसली, तर ती बहुधा जुनीच असते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा उरली. तिसरी बंदूक जमा करणे, विकणे वा देऊन टाकणे भाग पडले, आणि जुन्या हत्यारांचे हस्तांतरण अधिकच महत्त्वाचे झाले.

अशी रायफल चांदमारीवर नेली की जे कळते, ते कागदावर कधीच कळत नाही. कडीचा सांधा ढिला आहे का, घोडा अर्ध्या चापावर टिकतो का, झाडल्यानंतर काडतुसाचे कवच फुगते वा चिरते का, हे आर्मोररला थोड्या वेळात दिसते. पहिली गोळी तर खांद्याला लावून झाडूच नये. रायफल स्टँडवर घट्ट बांधून दोरीने चाप ओढावा. या जातीच्या रायफलीत बहुधा नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली, तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या टोकाच्या गोळ्या वापरतात. रायफल रिकामी करण्यासाठी कडी पुन:पुन्हा चालवावी लागते आणि त्या वेळी बोट चापापासून दूर ठेवावे लागते. बोल्टच्या .३१५ वर हात बसलेल्या माणसाला हे आपोआप येत नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्या हत्यारावर प्रशिक्षण झाले, तेच परवान्यावर चढेल असे नाही.

यावर उपाय कायद्यातच दडलेला आहे. खासगी विक्रीपूर्वी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी सूचना द्यावी लागते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. हे दिवस आज केवळ वाट पाहण्यात जातात. त्याच मुदतीत ठरलेल्या दिवशी पोलीस चांदमारीवर, मालकाच्या उपस्थितीत, आर्मोररने हत्यार तपासावे; ते योग्य ठरल्यास घेणाऱ्याने देखरेखीखाली ते हाताळून दाखवावे; आणि एका पानाचा अहवाल फाइलीला जोडावा. खर्च घेणाऱ्याने सोसावा. अयोग्य ठरलेले हत्यार दुरुस्तीस जावे किंवा कायमचे निकामी करावे. यासाठी नियमांत स्पष्ट तरतूद हवी. अधिकाऱ्याच्या मर्जीवर हे सोडू नये.

आक्षेप येतील. यंत्रणेवर आधीच भार आहे, आणखी एका दाखल्याने आणखी एक खिडकी उघडेल, आणि खिडकीपाशी काय घडते हे आपण जाणतोच. हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच मुदत ४५ दिवसांचीच असावी, आणि त्या अवधीत तपासणीची तारीख न दिल्यास तसे न देण्याची लेखी कारणे कार्यालयाने द्यावीत. दुर्मीळ बोअरची काडतुसेच मिळत नसतील, तर गोळी न झाडता केलेल्या तपासणीचा तसा स्पष्ट शेरा असावा. नेमबाजीच्या मैदानावर आधी शिस्त शिकवितात आणि मगच नेम. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळविले; त्यांच्या यशामागे ही शिस्तही आहे. ती परवानाधारकाकडून मागणे जाचक नव्हे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा वाटावा. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेली घराणी आहेत, आणि अशा घरांत आजोबांची बंदूक कपाटात असण्याचा संभव असतो. मुले पुण्याला वा परदेशी असतात. परवानाधारकाच्या निधनानंतर ती बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि मगच वारसाहक्काने परवाना घ्यावा की विक्री करावी, हे ठरवावे. विकायचीच असेल, तर कायदा सांगो वा न सांगो, तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. आपल्या आजोबांच्या बंदुकीने अनोळखी घरात अपघात होऊ नये, एवढी जबाबदारी वारसाबरोबर येतेच.