वसंत : हजेरीपटावरून पाटीवर

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. उमरखेड तालुक्यातील पोफाळीचा सहकारी साखर कारखाना ‘वसंत’ या नावानेच उभा राहिला. १ जुलै हा नाईकांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून राज्यभर पाळला जातो. नावाचा असा उदंड सन्मान ज्या जिल्ह्यात होतो, तेथील प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर मात्र वसंत नावाचा मुलगा आज शोधूनच काढावा लागेल. नाव पाटीवर चढले आणि घरातून उतरले, असे का व्हावे?

शब्द फार जुना आहे. ‘प्रकाशणे’ या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडतात. फारसीतील ‘बहार’ आणि रशियन भाषेतील ‘व्हेस्ना’ हे त्याचेच दूरचे भाऊबंद. गीतेच्या दहाव्या अध्यायात ऋतूंमधील श्रेष्ठत्वाचा मान याच ऋतूला मिळाला आहे. परंतु मुलाचे नाव म्हणून महाराष्ट्रात त्याला खरा बहर आला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. विठ्ठल, गणपत, रामचंद्र अशा देवनामांच्या शेजारी वसंत, शरद, हेमंत, सुधाकर, प्रभाकर ही काव्यातून आलेली नावे त्या काळात येऊन बसली. ग्रीष्माच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, याचे नवल यवतमाळकराला तरी वाटू नये! खरे पाहता चैत्र-वैशाखात आमच्याकडे पळसाची फुले गळून शेते उघडी पडलेली असतात आणि कास्तकाराचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. वसंताचे कौतुक पुस्तकातले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण या नावाचे बळही त्यातच होते. त्यात कोणत्या देवाचा वा जातीचा शिक्का नव्हता. संगीतकार वसंत देसाई सावंतवाडीकडचे, वसंतदादा पाटील सांगलीचे, गायक वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे; तिघेही १९१२ ते १९२० या आठ वर्षांत जन्मलेले. विश्वनाथ वामन बापट आणि रघुनाथ दामोदर सबनीस यांनी तर साहित्यात आपण होऊन ‘वसंत’ हेच नाव धारण केले. १९६३ ते १९८५ या काळात राज्याला या नावाचे दोन मुख्यमंत्री लाभले, एक बंजारा आणि एक मराठा.

त्यांपैकी पहिल्याच्या घराण्याची नामावळी मुळातून वाचण्यासारखी आहे. पुसद तालुक्यातील गहुली हा बंजारा तांडा. आजोबा चतुरसिंग राठोड हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. पदाचेच पुढे आडनाव झाले. वडील फुलसिंग. मुलांपैकी एक राजूसिंग. दुसऱ्याला महाराष्ट्राने ओळखले ते वसंतराव म्हणून. राजूसिंगांचे पुत्र सुधाकरराव आणि मनोहर. मनोहररावांचे पुत्र इंद्रनील. चतुरसिंगापासून इंद्रनीलपर्यंत अवघ्या पाच पिढ्या! तांडा, पाठशाला, वकिली, विधानसभा असा एका समाजाचा सारा प्रवास या सात नावांत सामावला आहे. ‘सिंग’ गळाले याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. चारचौघांसारखे नाव ही सुशिक्षितांच्या पंक्तीत बसण्यासाठी मोजावी लागणारी किंमतच होती. तथापि ती मोजणाऱ्यांना वेडे ठरवण्याचा अधिकार, जन्मतःच त्या पंक्तीत बसलेल्यांना खास नाही.

आज ओढ नेमकी उलट आहे. वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे असे नाव आईबापांना हवे असते; अर्थ मागाहून शोधला जातो. चार घरांत असलेला वसंत मग जुनाट ठरतो. त्यात तक्रार करण्यासारखे फारसे नाही.

तक्रार आहे ती कागदपत्रांच्या बाबतीत. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो, आणि जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो बहुधा सापडतो शाळेच्या दाखलखारीज पुस्तकात. तेथे आजोबा राठोड, नातू नाईक. बापाच्या नावापुढे सिंग, मुलाच्या नावापुढे काही नाही. घरी हाक एक आणि गुरुजींनी लिहिलेले नाव दुसरे, असे प्रकार आढळतात. नामांतराचा हा इतिहास ज्यांना ठाऊक नाही, त्यांना त्यात लबाडी दिसते आणि मुलाचा प्रवेश अडून बसतो. त्या मुलाचा बाप प्रतिज्ञापत्रे घेऊन तालुक्याच्या खेपा घालतो, आणि रोजची मजुरी बुडते ती वेगळीच.

ही पुस्तके ज्यांच्या ताब्यात आहेत, ते मुख्याध्यापक आणि लिपिक या पृष्ठाचे वाचक आहेत. पुष्कळ ठिकाणी पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि शाई फिकी पडली आहे. जिल्हा परिषदेने निदान १९६१ पर्यंतच्या नोंदींच्या छायाप्रती करून घ्याव्यात, आणि नोंद जशी आहे तशीच उतरवावी. फुलसिंगाचा फुलचंद करून ती ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात कोणी पडू नये.