नदीच्या गाळाचेही निदान व्हावे

पाणी नितळ दिसले की नदी बरी झाली, असे आपण समजतो. २०१८च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णेच्या काठावर जमले आणि त्यांनी जलपर्णी काढली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. काम मोलाचेच होते. पण ताप उतरला म्हणजे रोग गेला, असे नव्हे. नदीच्या काही रोगांची खूण पाण्यात नसते, तळाच्या गाळात असते.

अशा रोगांपैकी एक म्हणजे बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच. ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी. पण नावावर जाऊ नका. पऱ्हाटी, कोळसा, डिझेल, टायर यांपैकी काहीही अर्धवट जळाले की काजळीबरोबर ही द्रव्ये तयार होतात. खनिज तेलात आणि डांबरात तर ती मुळातच असतात. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत. काजळीला व चिखलाला चिकटून तळाशी बसतात. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, गॅरेजपुढची घाण आणि शेतातली राख वाहून जाते ती अकोल्यात मोर्णेला, अमरावतीकडे पेढीला आणि शेवटी पूर्णेला. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला.

यातील बेंझोपायरीन हे द्रव्य माणसात कर्करोग घडविते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या कामगारांत दाखविला होता. म्हणून नदीत पाय बुडविला की कर्करोग होतो, असे कृपया समजू नका. धूर आणि तंबाखू हे याहून कितीतरी मोठे धोके आहेत. पण गाळातले शिंपले ही द्रव्ये साठवितात, आणि गाळ आता शेतातही जातो.

मग ही घाण कोणाची? कोणी शेतकऱ्याकडे बोट दाखवितो, कोणी ऑटोवाल्याकडे, कोणी पारसच्या वीज केंद्राकडे. आम्ही डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय मलेरियाचे नाव घेत नाही. इथेही तसेच हवे. सांडलेल्या तेलातून दोन-तीन कड्यांची हलकी द्रव्ये जास्त येतात, जळणातून चार ते सहा कड्यांची. फ्लोरँथीन आणि पायरीन ही दोन द्रव्ये मिळून शंभर भाग धरा. त्यात फ्लोरँथीन चाळीसच्या खाली असेल तर संशय सांडलेल्या तेलावर. चाळीस ते पन्नास असेल तर पेट्रोल-डिझेलच्या धुरावर. पन्नासच्या वर असेल तर लाकूड, काडीकचरा किंवा कोळशावर. अर्थात एका लक्षणावरून निदान होत नाही. उन्हाने काही द्रव्ये लवकर नष्ट होतात, म्हणून अशी अनेक प्रमाणे जुळवून पाहावी लागतात. गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांचा उगम तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशाच रासायनिक ठशांवरून शोधला.

माझे म्हणणे एवढेच, की शहरातल्या नाल्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकू नये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चांगली आहे. पण खेड्यातल्या तलावाचा गाळ आणि गॅरेजच्या गल्लीखालचा गाळ एकच नव्हे. शहराच्या वरच्या अंगाला, शहरात आणि शहराखाली असे तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि अमरावतीचे विद्यापीठ यांनी हे काम अंगावर घ्यावे. निदान नेमके झाले तर उपायही नेमका होईल, आणि निरपराध माणसाला दोष लागणार नाही.

अहवाल येईपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. पऱ्हाटी आणि तुराट्या पेटविण्याऐवजी बारीक करून जमिनीत मिसळा किंवा कंपोस्ट करा. टायर आणि प्लॅस्टिक शेकोटीत घालू नका. इंजिनाचे जुने ऑइल नालीत ओतू नका, ते गोळा करणाऱ्याला द्या. आज जे नालीत जाते ते गाळात वर्षानुवर्षे राहते, आणि तो गाळ उपसून आपल्याच वावरात येतो.