‘सायकलप्रेमी’ या शब्दाविरुद्ध

बसने कामावर जाणाऱ्या माणसाला कोणी ‘बसप्रेमी’ म्हणत नाही. विरारहून चर्चगेटला दारात लोंबकळत जाणारा कारकून ‘लोकलप्रेमी’ ठरत नाही. तो प्रवासी असतो. पायी जाणारा पादचारी असतो, मोटार हाकणारा वाहनचालक असतो. सायकलीवर बसलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र दोन नावे येतात. अपघाताच्या बातमीत तो ‘सायकलस्वार’ असतो आणि रविवारच्या उपक्रमाच्या बातमीत ‘सायकलप्रेमी’. यांतल्या दुसऱ्या नावाला आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ शब्दच्छल नाही. प्रेम ही खासगी बाब आहे. प्रेम करणाऱ्याचे कौतुक करता येते, त्याची थट्टा करता येते, वेळप्रसंगी शाल-श्रीफळ देऊन सत्कारही करता येतो. त्याला रस्ता देणे मात्र कोणाचेच कर्तव्य नसते. प्रवाशाला हक्क असतो. प्रेमिकाला फार तर छंद असतो.

दुर्दैव असे की हे नाव सायकल-गटांनी आनंदाने स्वीकारले आहे. पुण्यात गेल्या वीसेक वर्षांत असे गट पुष्कळ निघाले. रविवारी पहाटे शहर जागे होण्याआधी निघायचे, खडकवासला किंवा सिंहगडचा पायथा गाठायचा, परतताना मिसळ खायची, छायाचित्रे काढायची आणि ऊन तापण्यापूर्वी घरी यायचे. या फेऱ्यांना आम्हीही जातो आणि त्यांची किंमत आम्ही कमी लेखत नाही. एकट्याने रस्त्यावर उतरायला बिचकणारा माणूस गटाबरोबर उतरतो. वळताना हात कसा दाखवावा, पंक्चर कसे काढावे, ट्रकपासून किती अंतर राखावे, हे तिथे कळते. ज्यांनी शाळा सुटल्यावर सायकल सोडली त्या स्त्रिया तिथे पुन्हा सायकलीवर बसतात. ओळखी होतात, वयाची आणि हुद्द्याची भीड चेपते. हे सारे मोलाचे आहे. आमचा वाद फेरीशी नाही. फेरी स्वतःविषयी जी भाषा बोलते तिच्याशी आहे.

ही भाषा तीन सुरांत चालते: आरोग्याच्या, पर्यावरणाच्या आणि स्मरणरंजनाच्या. सायकल चालवा, हृदय सुदृढ राहील. सायकल चालवा, वसुंधरा वाचेल. सायकल चालवा, कारण आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. तिन्ही वाक्ये आज्ञार्थी आहेत आणि तिन्हींचा रोख नागरिकाकडे आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्यांच्या चटकन ध्यानात येईल. महापालिकेने काय करावे, याविषयी तिन्हींत एक अक्षरही नाही. जिथे रस्त्याची मागणी व्हायला हवी तिथे सद्गुणाचा उपदेश होतो. आणि उपदेश फुकट असल्यामुळे त्याला व्यासपीठावर येऊन हिरवा झेंडा दाखवण्यास कोणत्याही पुढाऱ्याची हरकत नसते.

यांपैकी स्मरणरंजन आम्हांला सर्वांत घातक वाटते, कारण ते साहित्यिक आहे. म्हणजेच ते आपल्यासारख्यांच्या हातून घडते. ‘सायकलींचे शहर’ हा शब्दप्रयोग आता विशेषण राहिलेला नाही, तो श्रद्धांजली झाला आहे. लेखांतून, भाषणांतून, दिवाळी अंकांतून आपण त्या गतवैभवाला हार घालत असतो. पण त्या काळातली एक साधी गोष्ट या आठवणींत केवळ गमतीखातर येते. त्या काळी सायकलीला कर असे, कर भरल्याचा बिल्ला असे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवून दंड करी, डबलसीट बसल्यास खटला भरी. आठवणी सांगणारे हसतात. आम्हांला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. जिच्यावर कर बसतो तिची मोजदाद होते आणि जिची मोजदाद होते तिला रस्त्यावर जागा असते. तो बिल्ला सायकल हे वाहन असल्याचा सरकारी दाखला होता. बिल्ला गेला तेव्हा माणसे कटकट गेली म्हणाली. तिच्याबरोबर नोंदही गेली.

आता, ज्यांना कोणी सायकलप्रेमी म्हणत नाही त्यांच्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्या भारतीयांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण बदलले असणार. तरी रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, हँडलला डबा अडकवून निघालेला गवंडी, कॅरियरवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधलेला पोऱ्या आजही आपल्या शेजारून जात असतो. त्याची सायकल गिअरची नाही आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राणही नाही. रविवारच्या फेरीत तो दिसत नाही, कारण रविवारीही त्याला काम असते. त्याला सायकलीविषयी प्रेम असेल किंवा नसेलही. पुढेमागे जमले तर तो दुचाकी घेईल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. पण जोवर तो सायकलीवर आहे तोवर शहरातल्या सायकल-चळवळीचा खरा मालक तो आहे. त्याच्या वतीने बोलायचे असेल तर ‘प्रेम’ हा शब्द निरुपयोगी आहे.

रस्ता देण्याविषयी राज्यसंस्था कागदावर कधीच कृपण नव्हती. भारतीय रस्ते काँग्रेसची सायकलमार्गांविषयीची शिफारस १९६२ सालची आहे. गर्दीच्या वेळी ताशी दोनशेहून अधिक मोटारवाहने जात असतील, तर ताशी शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र सायकलमार्ग समर्थनीय ठरतो, असे ती सांगते. ताशी दोनशे वाहने! पुण्यातल्या एखाद्या मध्यम रस्त्यावरही ती काही मिनिटांत जातात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची वाटणी वाहनांकडे नव्हे, माणसांकडे पाहून व्हावी, असे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा पथदर्शी मार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे कल्पिलेले आहे. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजनाही वाजतगाजत आली. कंपन्यांच्या रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका परदेशी कंपनीने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला आणि पुढे ती सारी हौस मावळली.

म्हणजे उणीव कागदाची नाही. जे मार्ग झाले ते का वापरले जात नाहीत, हे त्यांवरून एकदा सायकल नेली की समजते. मार्ग पदपथाच्या उंचीवर चढतो आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी खाली उतरतो. पुढे त्यावर विजेची पेटी उभी असते, त्यापुढे लावलेल्या दुचाकी असतात, आणि चौकापाशी, जिथे संरक्षणाची खरी गरज आहे तिथे, तो मुकाट्याने संपतो. असा मार्ग बांधणाऱ्याने त्यावरून कोणी वेळेत कामावर पोहोचेल अशी कल्पनाच केलेली नसते. हा मार्ग प्रेमिकांसाठी आहे: रमतगमत जाणाऱ्यांसाठी, ज्यांना उशीर होत नाही त्यांच्यासाठी. नावातली चूक अशी काँक्रीटमध्ये उतरते.

यावर ठरलेले उत्तर येते: सायकली आहेतच कुठे? मार्ग ओस पडले आहेत, मग त्यांवर पैसा कशाला? कोरड्या नळासमोर रांग नाही, म्हणून वस्तीला तहान नाही, असे म्हणण्यासारखे हे आहे. माणसे सायकलीवरून उतरली ती प्रेम आटले म्हणून नव्हे. अंतरे वाढली, बस अपुरी पडली, हप्त्यावर दुचाकी मिळू लागली आणि रस्त्यावर जीव मुठीत धरावा लागला. पहिली तीन कारणे सायकल-गटांच्या हातात नाहीत. चौथे आहे.

‘नेदरलँड्सची गोष्ट वेगळी’, असेही म्हटले जाते. ती वेगळी नव्हती. युद्धोत्तर दोन दशकांत तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली घटल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर जी चळवळ उभी राहिली तिने स्वतःला सायकलींचे चाहते मंडळ म्हणवले नाही. तिचे नाव होते ‘बालहत्या थांबवा’. त्या नावात सायकल नाही, आरोग्य नाही, गतवैभव नाही. त्यात आरोप आहे. १९७५ मध्ये तिथे सायकल वापरणाऱ्यांची संघटना निघाली आणि त्याच दशकात हेग व टिलबर्ग येथे प्रात्यक्षिक म्हणून सायकलमार्ग बांधले गेले. आज जो देश सपाट भूमीमुळे आणि संस्कृतीमुळे सायकली चालवतो असे आपल्याला वाटते, तो भांडून सायकलीवर परतलेला आहे.

इतक्या दूर जायचे नसेल तर तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै पाहावे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या साक्षरता चळवळीने गावोगावच्या स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांहून अधिक स्त्रिया हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवत रस्त्यावर उतरल्या. ती सामूहिक फेरीच होती. हसणे होते, उत्सवही होता. पण तिचा अर्थ स्वच्छ होता: पाणी आणायला, मजुरीला, बाजाराला जाण्यासाठी आम्ही बसची किंवा घरच्या पुरुषाची वाट पाहणार नाही. आनंद आणि मागणी यांत तिथे फाटाफूट नव्हती. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिच्याविषयी लिहिले म्हणून ती आपल्याला माहीत आहे. आपल्या रविवारच्या फेऱ्यांविषयी कोणी लिहायचे ठरवले, तर छायाचित्रांपलीकडे त्याच्या हाती काय लागेल?

म्हणून सायकल-गटांकडे आमचे मागणे थोडके आहे. महिन्यातून एक फेरी रविवारी पहाटे न काढता बुधवारी सकाळी नऊ वाजता, कर्वे रस्त्याने किंवा सिंहगड रस्त्याने काढावी. तिला झेंडा दाखवायला कोणालाही बोलावू नये. मार्ग कुठे तुटतो, कुठे अडतो, कुठे चौकात सोडून देतो, हे वहीत टिपावे. ताशी किती सायकली जातात ते मोजावे, आणि त्या मोजणीत गिअरवाली सायकल व दुधाच्या किटल्या लावलेली सायकल यांत फरक करू नये. ही नोंद घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जावे. नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा पुण्यात २००६ पासून आहे. २०१७ चा आराखडा समोर ठेवून दरवर्षी एकच प्रश्न विचारावा: यंदा किती किलोमीटर? पुण्यातल्या ‘परिसर’सारख्या संस्था वाहतुकीच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अशा चिवटपणे काम करत आल्या आहेत. ते काम रुक्ष आहे, त्याचे छायाचित्र चांगले येत नाही. पण रविवारी शंभर माणसे जमवू शकणाऱ्या गटांनी त्यातली वीस जरी बुधवारी आणली, तरी त्या कामाचे वजन बदलेल.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध नावाचा आहे. कोणाला काय म्हटले जाते आणि त्या म्हणण्यातून कोणाचा हक्क गळून पडतो, हे पाहणे आपलेच काम आहे. ‘सायकलप्रेमी’ हा गोड शब्द आहे. गोड शब्दांनीच माणसांना मुख्य रस्त्यावरून बाजूला सारता येते. तेव्हा पुढच्या बातमीत, पुढच्या निवेदनात, पुढच्या फलकावर आपल्या गटाने स्वतःला ‘सायकल-प्रवासी’ म्हणावे. प्रवाशाला कुठेतरी पोहोचायचे असते, आणि तो कोणत्या रस्त्याने पोहोचणार याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.