तिसरी पिन गेली कुठे?

परंड्यातल्या एका सेवा केंद्रात परवा सातबारा काढायला गेलो होतो. संगणकाच्या मागे अंगठ्याच्या मशीनची वायर लावताना तिथल्या मुलाने हात झटकला. म्हणाला, "काही नाही काका, बारीक करंट आहे. रोजचंच आहे." पायात रबरी चप्पल, हा त्याचा सगळा बंदोबस्त.

हा 'बारीक करंट' हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते थोडी वीज पत्र्याच्या डब्याकडे वळवतात. तिथून ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर डब्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण आतले इन्सुलेशन बिघडले, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात.

यंत्रांचेही नुकसान होते. प्रिंटर दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर असेल, तर त्याची केबल जोडताक्षणी डब्यावरची वीज तिच्यातून वाट काढते. यूएसबीमध्ये बाहेरची धातूची कड आधी टेकते, मग विजेचे संपर्क, शेवटी डेटाचे. भिंतीतल्या थ्री-पिन प्लगचीही जाड पिन लांब असते, ती याचसाठी: आधी जमिनीशी नाते, मग वीज. आपण मात्र बोर्डात बसत नाही म्हणून नेमकी तीच कापतो. पुढे पोर्ट गेला की शिव्या संगणकाला.

शाळा असो की ग्रामपंचायत, संगणक, प्रिंटर, यूपीएस यांची बिले होतात. अर्थिंग कोणी मोजून घेतले, हे विचारायची रीत नाही. ते विचारायलाच हवे, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पुन्हा एकदा. अर्थिंगचा खड्डा चालतो तो मातीतल्या ओलीवर. पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग जमिनीला भेगा पडल्या की ढिले पडते. तेव्हा खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. सोबत ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी वायरमनकडून बसवून घ्यावी. गळती वाढली की ती वीज तोडते.

तोवर निदान प्लग काढून वायर लाव, असे त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "परत चालू व्हायला पाच मिनिटं लागतात काका, बाहेर रांग बघा की."