मापात पाप

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी दुपारी मी मॅडिसनच्या कॅम्प रँडल स्टेडियममध्ये विद्यार्थ्यांच्या गर्दीत उभा होतो. हातात पांढरा टॉवेल, त्यावर रॉन डेनचं नाव आणि त्याचा आकडा, ३३. समोर आयोवाचा संघ. विस्कॉन्सिनच्या या पोराला कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावलेला खेळाडू होण्यासाठी त्या दिवशी ९९ यार्ड हवे होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने चेंडू काखोटीला मारला, मधल्या गर्दीला छातीने रेटा दिला आणि ३१ यार्ड पुढे जाऊन थांबला. रिकी विल्यम्सचा ६,२७९ यार्डांचा विक्रम मोडला. जवळपास ऐंशी हजार माणसांनी एकाच वेळी टॉवेल फडकवले. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता.

मी कोल्हापूरचा. या खेळातलं मला तोवर फारसं कळत नव्हतं. कळत होते ते यार्ड, कारण संख्याशास्त्र शिकायलाच मी तिथे गेलो होतो. खेळाडू चेंडू घेऊन धावत किती पुढे गेला, तेवढे यार्ड त्याच्या खात्यावर. मागे ढकलला गेला तर तेवढे वजा. इतका सरळ हिशेब. हा हिशेब ठेवणारी माणसं प्रामाणिक असतील असं मी गृहीत धरलं होतं. ती माझी चूक होती.

डेनच्या नावावर अधिकृत पुस्तकात ६,३९७ यार्ड आहेत. २०१६ साली सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री लास वेगास बाउलमध्ये ११५ यार्ड धावला, त्याची बेरीज ६,४०५ झाली आणि डेनचा विक्रम आठ यार्डांनी मोडल्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात डेन विस्कॉन्सिनसाठी ७,१२५ यार्ड धावला आहे. मधले ७२८ यार्ड गेले कुठे? ते मैदानावर आहेत, चित्रफितींत आहेत, त्या त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आहेत. फक्त बेरजेत नाहीत. कारण ते चार बाउल सामन्यांत, म्हणजे नियमित मोसम संपल्यावरच्या मानाच्या सामन्यांत, काढलेले आहेत, आणि एनसीएए या अमेरिकन कॉलेज क्रीडा संस्थेने बाउल सामन्यांतले वैयक्तिक आकडे मोसमाच्या आणि कारकिर्दीच्या बेरजेत धरायला सुरुवात केली ती २००२ सालापासून. त्याआधीच्यांचे धरले नाहीत आणि मागे जाऊन धरायचेही नाहीत, असं ठरवलं. पम्फ्री २०१३ ते २०१६ या काळात खेळला. त्याचा प्रत्येक बाउल सामना त्याच्या खात्यावर चढला. डेनचा एकही नाही.

दोन माणसांची उंची मोजायची, एकाला बूट घालून उभं करायचं, दुसऱ्याला खड्ड्यात, आणि मग आठ सुताच्या फरकाने पहिला उंच म्हणून जाहीर करायचं, असा हा प्रकार आहे. याला नियम म्हणायची माझी तयारी नाही.

माझा राग पम्फ्रीवर नाही, हे स्पष्ट करतो. तो लहान चणीचा, विलक्षण चपळ खेळाडू होता. प्रत्येक यार्ड त्याने अंगावर झेललेल्या धडकांनी कमावला आहे. त्याच्या डोक्यावर हा संशयाचा मुकुट ठेवला तोही त्याच संस्थेने. त्याच्या विक्रमाचा विषय निघाला की लगेच कुणीतरी ‘पण’ म्हणतं. चुकीच्या मापाने दोघांचाही अपमान केला.

आता त्या ७२८ यार्डांकडे नीट पाहू. १९९६च्या कॉपर बाउलमध्ये युटाविरुद्ध २४६. १९९८च्या आउटबॅक बाउलमध्ये जॉर्जियाने त्याला ३६ वर रोखलं. १९९९च्या रोझ बाउलमध्ये यूसीएलएविरुद्ध २४६ यार्ड आणि चार टचडाउन. २०००च्या रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध २००. दोन्ही रोझ बाउलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच. पॅसाडिनातला रोझ बाउल १९०२ साली पहिल्यांदा खेळला गेला, आणि मॅडिसनची माणसं आयुष्यभर त्याची वाट पाहतात. तो सामना मोजायच्या लायकीचा नाही. पण १९९६ साली दुबळ्या हवाईविरुद्ध डेनने काढलेले ३३९ यार्ड मात्र मोजायच्या लायकीचे! तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर, सगळा देश बघत असताना केलेली कामगिरी काढून टाकायची आणि लिंबूटिंबूंविरुद्धची ठेवायची, याला कोणता तर्क आहे?

तर्क म्हणून सांगितलं जातं ते असं : बाउल हे त्या काळी मोसमानंतरचे मानाचे सामने होते, सगळ्यांना ते मिळत नसत, म्हणून त्यांचे आकडे वेगळे ठेवले. हे कारण आज कसं टिकतं ते मला कुणीतरी समजावून सांगावं. १९७६ साली बाउल होते डझनभर. आज चाळीसच्या आसपास आहेत, आणि बारापैकी सहा सामने जिंकलेला सुमार संघही तिथे पोहोचतो. म्हणजे आज सुमार संघाच्या डिसेंबरातल्या सामन्यातले यार्ड विक्रमात जमा, आणि ज्या सामन्यावर राष्ट्रीय विजेतेपद ठरलं त्यातले वजा.

हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. टोनी डॉर्सेटचं उदाहरण घ्या. १९७६च्या मोसमात पिट्सबर्गने नियमित ११ सामने जिंकले आणि जानेवारी १९७७मध्ये शुगर बाउलमध्ये जॉर्जियाला २७-३ असं लोळवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असोसिएटेड प्रेसची अंतिम क्रमवारी तोपर्यंत कित्येक वर्षं बाउल सामन्यांनंतरच लागत होती. त्या सामन्यात डॉर्सेट २०२ यार्ड धावला. पिट्सबर्गची त्या वर्षीची नोंद काय? १२ विजय, एकही पराभव नाही. बारावा विजय तोच शुगर बाउलचा. संघाच्या खात्यात सामना जमा, आणि ज्याच्या पायांनी तो जिंकला त्याच्या खात्यात शून्य. त्याच वर्षाच्या पानावर, त्याच सामन्याबद्दल, ही दोन उत्तरं!

याचा परिणाम नुसता बेरजेपुरता राहत नाही, इतिहासच बदलतो. एका मोसमात २,००० यार्डांचा टप्पा पहिल्यांदा कुणी ओलांडला, असं विचारलं की उत्तर येतं, सदर्न कॅलिफोर्नियाचा मार्कस अ‍ॅलन, १९८१, २,३४२ यार्ड. अ‍ॅलन थोर होताच. पण डॉर्सेटचे १९७६चे अधिकृत यार्ड १,९४८ आहेत आणि शुगर बाउल धरला तर २,१५०. अ‍ॅलनच्या आधी पाच वर्षं डॉर्सेट तो टप्पा पार करून गेला होता. ‘पहिला’ हा शब्दच चुकीच्या माणसाला चिकटवून ठेवलाय, आणि पिढ्यान् पिढ्या मुलं तेच पाठ करतात.

बॅरी सँडर्सबद्दल तर मला बोलताना त्रास होतो. १९८८, ओक्लाहोमा स्टेट. ११ सामन्यांत २,६२८ यार्ड, ३७ टचडाउन धावून, आणि हाइजमन ट्रॉफी. सामन्यामागे जवळजवळ २३९ यार्ड. त्यातले ३३२ टोकियोत टेक्सस टेकविरुद्ध काढलेले आहेत, आणि ते धरले आहेत, कारण समुद्रापार खेळला गेला तरी तो ‘नियमित’ सामना होता. मग डिसेंबरअखेर सॅन डिएगोत हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने २२२ यार्ड आणि पाच टचडाउन काढले. ते धरले नाहीत. खरा आकडा १२ सामन्यांत २,८५० यार्ड आणि ४२ टचडाउन.

आता ३१ डिसेंबर २०२४ची संध्याकाळ आठवा. अ‍ॅरिझोनात फिएस्टा बाउल, बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी पेन स्टेटविरुद्ध खेळतोय. सँडर्सचा एका मोसमातल्या २,६२८ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला १३२ यार्ड हवेत, हे आठवडाभर कानावर आदळत होतं. जेंटीला १०४ मिळाले. मोसमाची बेरीज २,६०१. विक्रम २७ यार्डांनी हुकला, असं सगळीकडे छापून आलं. हे २७ निव्वळ खोटं आहे. हा जेंटीचा चौदावा सामना होता, त्याच्या खात्यात परिषदेचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, अंतिम सामनाही होता आणि हा फिएस्टा बाउलही. सँडर्सच्या खात्यातून त्याचा एकुलता एक बाउल काढलेला. दोघांनाही सारखं माप लावलं तर फरक २४९ यार्डांचा आहे, आणि तोही सँडर्स दोन सामने कमी खेळला असताना. सामन्यामागे जेंटीचे १८६च्या आत, सँडर्सचे बाउल धरून २३७च्या वर. जेंटीचा मोसम अफाट होता. त्याला त्या संध्याकाळी एका बनावट खुणेच्या मागे धावायला लावलं, हे त्या पोरावरही अन्याय करणारं होतं.

लहानपणी आमच्या गावात क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट ऐकून आम्ही वाढलो. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने खेळायलाच नकार दिला. तो अन्याय प्रतिस्पर्ध्याने केला. पण गुणलेखकाने काय केलं? ४४३ लिहिले. समोरचे निघून गेले म्हणून हा सामना वेगळा, असं म्हणून त्याने निंबाळकरांच्या धावा खोडल्या नाहीत. हिशेबनिसाचं काम एवढंच असतं. जे घडलं ते लिहायचं.

मागच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, ही सबब मी बचाव फळीच्या आकड्यांबाबत थोडी तरी समजू शकतो. क्वार्टरबॅकला पाडण्याचे, म्हणजे सॅकचे, अधिकृत आकडे एनसीएए २०००पासून ठेवते. म्हणून अलाबामाच्या डेरिक थॉमसचे १९८८चे २७ सॅक आणि कारकिर्दीतले ५२ अधिकृत यादीत नाहीत, आणि मोसमाचा विक्रम अ‍ॅरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जच्या २४वर उभा आहे. थॉमस फेब्रुवारी २०००मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, अपघातातल्या दुखापतींनी गेला. तिथे निदान असं म्हणता येतं की त्या काळी प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने सॅक मोजत असे. माझं समाधान होत नाही, पण वाद घालता येतो.

बाउलच्या यार्डांबाबत तीही पळवाट नाही. तिथे अधिकृत गुणपत्रक होतं, मोजणारी माणसं होती, सगळा देश बघत होता. आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट : एनसीएए स्वतःच बाउल सामन्यांच्या विक्रमांचं वेगळं पुस्तक छापते. त्यात हे आकडे आहेत! म्हणजे आकडे माहीत आहेत, तपासलेले आहेत, त्यांच्याच शिक्क्याने छापलेले आहेत. फक्त ते उचलून शेजारच्या पुस्तकात मिळवायचे नाहीत. हे काम माझ्यासारखा माणूस कागद-पेन्सिल घेऊन करू शकतो. डेनचं मी केलंय. २४६, ३६, २४६, २००. दोन मिनिटं लागली.

मग करत का नाहीत? कारण ज्यांचं देणं लागतो त्यांचं काहीच अडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. सँडर्स, डॉर्सेट, डेन यांना कॉलेजात खेळण्याचा पगार नव्हता. शिष्यवृत्ती होती, बस्स. नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायची परवानगी या खेळाडूंना २०२१च्या जुलैत मिळाली. त्याआधीच्या कैक दशकांत बाउल सामन्यांतून कॉलेजांनी, परिषदांनी, वाहिन्यांनी कोट्यवधी डॉलर कमावले. त्या कमाईबाबत कुणी म्हटलं नाही की हा सामना मोसमाबाहेरचा, याचे पैसे जमेत धरू नका. तिकिटाचा डॉलर मोजला, प्रक्षेपणाचा डॉलर मोजला, संघाचा विजय मोजला. ज्या पोराने गुडघे झिजवून हे सगळं उभं केलं, त्याला मोबदला म्हणून मिळणार होती ती फक्त वहीतली एक ओळ. तीच कापली.

माझ्याकडे तो टॉवेल अजून आहे. धुऊन धुऊन अक्षरं फिकी झालीत. गेल्या वर्षी मुलीने त्याबद्दल विचारलं, मी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. तिने फोनवर नाव शोधलं आणि म्हणाली, “बाबा, हा तर दुसरा आहे.” मी वही काढली आणि तिच्याकडून ते चार आकडे लिहून बेरीज करून घेतली.